मुलगा कम्युनिटी कॉलेजला चालला आहे. तिथल्या काउन्सेलरकडून नेमकं काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा: फ्रीमाँटमधलं मराठी कुटुंब, मुलगा यंदा हायस्कूल संपवतोय. कंप्युटर सायन्ससाठी हव्या त्या यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या हव्या त्या कॅम्पसमध्ये, प्रवेश मिळाला नाही, म्हणून पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजमध्ये करून तिथून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं (यालाच ट्रान्सफर म्हणतात), असं घरात ठरतंय. आईने विचारलंय, की तिथल्या काउन्सेलरांचा खरंच उपयोग होतो का, की बाहेरचा खासगी सल्लागार लावावा? आणि पत्राच्या शेवटी स्वतःबद्दल एकच ओळ आहे: मी पुण्याची बी.कॉम., सध्या एच-४ वर (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा), मला तिथे काही शिकता येईल का?

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये १८ वर्षं काउन्सेलर म्हणून काम करते. आधी सरळ उत्तर देते. निदान पहिलं वर्ष तरी बाहेरच्या सल्लागारावर पैसे घालू नका. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत काउन्सेलर हा प्राध्यापकांच्याच दर्जाचा असतो, त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी असावी लागते आणि ट्रान्सफरचे नियम हे त्याचं रोजचं काम असतं. विद्यार्थ्याला त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण एक गोष्ट मनाशी पक्की धरा: हायस्कूलमध्ये काउन्सेलर मुलाला वर्गातून बोलावून घ्यायचा, इथे कोणी बोलावणार नाही. मुलाने स्वतः अपॉइंटमेंट घेतली नाही, तर दोन वर्षं संपतील आणि आमची गाठही पडणार नाही. माझ्यासमोर रडलेली बहुतेक मुलं अभ्यासात कच्ची नव्हती. ती उशिरा आली होती.

दुसरं काही सांगण्याआधी एक मनातलं बोलते. आपल्याकडे मंडळाच्या कार्यक्रमात, गणपतीत, कोणी विचारलं की "काय, कुठे मिळाली ॲडमिशन?", तर कम्युनिटी कॉलेजचं नाव सांगताना आईवडिलांचा आवाज खाली जातो. मुलगा शेजारी उभा असतो आणि त्याला तो आवाज ऐकू येतो. हे मागचं दार नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, तेव्हाच ही वाट मुद्दाम आखली गेली: पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, पुढची दोन यूसी किंवा कॅल स्टेटमध्ये (राज्याची दुसरी विद्यापीठ-व्यवस्था). आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे २० लाख विद्यार्थी शिकतात. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला (अभ्यासक्रम मोजायचं माप) ४६ डॉलर फी आहे. ट्रान्सफरसाठी लागणारी ६० सेमिस्टर युनिटं धरली तर फीचे २,७६० डॉलर होतात. यूसीत एका वर्षाची नुसती फी १४ हजार डॉलरच्या वर जाते. पुस्तकं, गाडी, पार्किंग धरूनही फरक किती आहे ते तुमचं तुम्हाला कळेल.

आता काउन्सेलरसमोर बसल्यावर काय होतं ते सांगते, कारण "सल्ला मिळतो" एवढ्याने काहीच कळत नाही.

अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट असते. माझ्या टेबलावर एक स्क्रीन माझ्याकडे आणि एक मुलाकडे वळवलेली. त्यावर एक कोरा तक्ता: फॉल, स्प्रिंग, समर, पुन्हा फॉल, पुन्हा स्प्रिंग. याला आम्ही एज्युकेशन प्लॅन म्हणतो, बोलताना नुसतं एड प्लॅन. हा तक्ता मी कधीच पहिल्या रकान्यापासून भरत नाही. शेवटून भरत येते. कंप्युटर सायन्सला जायचं असेल तर ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत कॅल्क्युलसची साखळी आणि बहुतेक ठिकाणी लिनिअर अल्जिब्राही झालेलं लागतं. लिनिअर अल्जिब्रा शेवटच्या स्प्रिंगमध्ये टाकलं, तर त्याच्या आधीच्या फॉलमध्ये कॅल्क्युलस तीन, त्याआधी स्प्रिंगमध्ये कॅल्क्युलस दोन आणि पहिल्याच फॉलमध्ये कॅल्क्युलस एक. चार रकाने, चार विषय, मध्ये एक बोटभरही जागा नाही. फिजिक्सला कॅल्क्युलस लागतं, म्हणून ते त्याच्या मागे बांधलेलं. प्रोग्रॅमिंगचे वर्गही एकापुढे एक. मुलगा पहिल्या फॉलमध्ये "आधी सोपं घेतो, जीपीए चांगला राहील" म्हणून प्रीकॅल्क्युलसला बसला, की हा सगळा डबा एक स्टेशन मागे सरकतो आणि दोन वर्षांची अडीच-तीन वर्षं होतात. जनरल एज्युकेशनचे विषय कुठेही बसवता येतात. गणित कुठेही बसत नाही.

हा सोप्यापासून सुरुवात करण्याचा मोह आपल्या घरांत फार असतो. पूर्वी कॉलेजं प्लेसमेंट टेस्ट घ्यायची आणि हजारो मुलांना अंकगणितापासून पुन्हा सुरू करायला लावायची. त्यातली बरीच कॉलेज-दर्जाच्या गणितापर्यंत पोचायचीच नाहीत. २०१७ च्या एबी ७०५ या कायद्याने ते चित्र बदललं. आता हायस्कूलचे गुण बघून मुलाला शक्य तितक्या वरच्या वर्गात बसवतात आणि गरज असेल तर सोबत मदतीचा वर्ग जोडून देतात. तुमच्या मुलाचं प्लेसमेंट कॅल्क्युलसचं आलं तर घाबरून खाली उतरवू नका. शंका असेल तर ती घेऊन काउन्सेलरकडे जाऊ द्या.

एड प्लॅनमध्ये दुसरी अडचण विद्यापीठागणिक बदलणाऱ्या अटींची. बर्कलीला कंप्युटर सायन्ससाठी जे विषय आधी झालेले लागतात, तेच डेव्हिसला किंवा सॅन होजे स्टेटला लागतात असं नाही. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे धरला जातो, हे असिस्ट डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावर सापडतं. मुलाने पहिल्या भेटीआधी स्वतः ते उघडून बघावं, दोन-तीन विद्यापीठांची पानं काढावीत. मग अर्धा तास माहिती शोधण्यात जात नाही, निर्णय घेण्यात जातो. कोऱ्या हाताने आलेल्या मुलाला मी जे देऊ शकते, त्याच्या दुप्पट मी अशा मुलाला देऊ शकते.

हमीचे दोन मार्ग आहेत, दोन्ही समजून घ्या, कारण त्यांबद्दल व्हॉट्सॲपवर फार अर्धवट फिरतं. टॅग म्हणजे यूसीची प्रवेशहमी. ती सहाच कॅम्पसची आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. एकाच कॅम्पसला टॅग भरता येतो, तो १ ते ३० सप्टेंबर या महिन्यातच भरावा लागतो आणि त्या वेळी ३० सेमिस्टर युनिटं पूर्ण झालेली असावी लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पहिल्या वर्षाचा हिशोब होतो. शिवाय गर्दीचे काही विभाग टॅगमधून वगळलेले असतात, कंप्युटरचे त्यांत बऱ्याचदा येतात, आणि यादी दर वर्षी बदलते. हे आई-वडिलांना कळतं ते बहुतेक वेळा सप्टेंबरच्या २५ तारखेला. कृपा करून पहिल्या वर्षीच विचारा. दुसरा मार्ग कॅल स्टेटचा. २०१० च्या कायद्याने असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर आली. ती घेतली की कॅल स्टेटमध्ये तिसऱ्या वर्षाला जागा पक्की, पण कुठल्या तरी कॅम्पसमध्ये. सॅन होजेतच मिळेल अशी हमी नाही. म्हणून आम्ही प्लॅन करताना एक मनासारखं, एक शक्यतेतलं आणि एक हमीचं, अशी तीन ठिकाणं धरून विषय निवडतो.

नव्या मुलांच्या फायलीत मला वारंवार दिसणाऱ्या दोन चुका इथेच सांगून टाकते. एक, एपीचे (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज-दर्जाच्या परीक्षांचे) गुण कॉलेजला पाठवलेलेच नसतात. एपी कॅल्क्युलसला चार मिळालेला मुलगा कॅल्क्युलस एक पुन्हा घेऊन बसतो, सेमिस्टर जातं आणि यूसी दोन्हींचं मिळून एकदाच क्रेडिट देते. पहिल्या भेटीला एपीचा निकाल घेऊनच या. दोन, हायस्कूलमध्ये असताना हौसेने घेतलेला कम्युनिटी कॉलेजचा वर्ग. त्यात डी मिळाला असेल तर तो विसरून चालत नाही, कारण तो कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रिकेवर असतो आणि यूसीच्या अर्जात तो लिहावाच लागतो. असं काही असेल तर लपवू नका. त्यावर इलाज असतात, पण आधी कळलं तर.

आता जरा नाजूक विषय. दोन वर्षांपूर्वी एक आई मुलाला घेऊन आली. आपलीच, मराठी. मी मुलाला विचारलं, सेमिस्टर कसं चाललंय? आईने सांगितलं, छान चाललंय. मी विचारलं, केमिस्ट्री? आईने सांगितलं, थोडी जड जातेय, पण ट्यूशन लावलीय. मुलगा हूडीच्या दोऱ्या बोटाभोवती गुंडाळत बसला होता. पाचव्या मिनिटाला मी आईंना म्हटलं, ताई, बाहेर कॉफी चांगली मिळते, वीस मिनिटं आम्हाला द्या. त्यांना वाईट वाटलं, ते मला दिसलं. दार लागलं आणि मुलगा म्हणाला, "मी तीन आठवडे लॅबला गेलोच नाहीये." तो मंगळवार होता. वर्ग सोडून डब्ल्यू (गुणांऐवजी "वर्ग सोडला" अशी नोंद) घेण्याची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती. शुक्रवार चुकला असता तर तिथे एफ आला असता आणि पुढच्या वर्षीच्या टॅगचं गणितच कोलमडलं असतं. डब्ल्यू घेतला, केमिस्ट्री समरला हलवली, तक्ता नव्याने मांडला. लॅब का सुटली, त्याचं कारण वेगळं होतं. त्यासाठी मी त्याला कॉलेजच्याच मानसोपचार समुपदेशकांकडे स्वतः चालत घेऊन गेले.

आईंना घालवण्यामागे माझा आगाऊपणा नव्हता. फर्पा हा १९७४ चा केंद्रीय कायदा आहे. मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा, मग ते १८ वर्षांचं नसलं तरी. तुम्ही फोन करून "माझ्या मुलाचे मार्क सांगा" म्हणालात तर मी त्याच्या लेखी परवानगीशिवाय ते सांगू शकत नाही. फी तुम्ही भरता याने त्यात फरक पडत नाही. पालकांना हे फार लागतं, मला समजतं. पण माझा अनुभव असा, की ज्या घरात "काउन्सेलर काय म्हणाल्या ते तुला वाटलं तर सांग" असं बोललं जातं, त्या घरातली मुलं खरं सांगतात, आणि तेही मुदत संपायच्या आत.

मुदतींचंच पुढे. सेमिस्टरचा साधारण पाचवा हिस्सा होण्याआधी वर्ग सोडला तर गुणपत्रिकेवर काही उमटत नाही. त्यानंतर तीन-चतुर्थांश सेमिस्टर होईपर्यंत डब्ल्यू. एखादा डब्ल्यू म्हणजे काही आकाश कोसळत नाही. पण एकच विषय साधारणपणे तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यूचा प्रयत्नही त्यात मोजतात. फायनान्शियल एड घेत असाल तर सोडलेली युनिटं तिथेही "घेतलेली" म्हणून धरली जातात. म्हणून सोडण्याआधी काउन्सेलर आणि एड ऑफिस, दोघांना विचारायचं. फ्रीमाँटचं ओलोनी सेमिस्टरवर चालतं, कूपर्टिनोचं डी अँझा क्वार्टरवर. तुमच्या भागातून दोन्हीकडे मुलं जातात. क्वार्टर साधारण १२ आठवड्यांचा, तिथे या सगळ्या तारखा धडाधड येतात, सवय नसलेल्या मुलाला दम लागतो.

काउन्सेलरचा खरंच फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंत, त्याला माझ्या शब्दापेक्षा चांगला पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एसॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्ण वेळ शिकायचं, सल्लागाराला नियमित भेटायचं, त्याबदल्यात फीची उरलेली रक्कम, पुस्तकांना मदत आणि सबवेचं कार्ड. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी, तर एरवीच्या विद्यार्थ्यांसाठी एकामागे ६०० पासून दीड हजारांपर्यंत. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तपासलं तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण साध्या गटात २२ टक्के आणि एसॅपच्या गटात ४० टक्के निघालं. मुलं तशीच, कॉलेज तेच. आमच्याकडे एका काउन्सेलरमागे शेकडो विद्यार्थी असतात, हे मी लपवणार नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमच्या दारात रांग बाहेरपर्यंत जाते आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीच्या मध्याला मी अर्ध्याऐवजी पाऊण तासही देऊ शकते. मुलाला त्या वेळी पाठवा. आणि शक्यतो एकाच काउन्सेलरकडे पुन्हा पुन्हा. तिसऱ्या भेटीला मला त्याची फाइल उघडावी लागत नाही.

काउन्सेलिंग म्हणजे फक्त ट्रान्सफर असं समजू नका. मुलाला शाळेत आयईपी किंवा ५०४ प्लॅन (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणींसाठीच्या सोयींची लेखी योजना) असेल, तर तो कॉलेजात आपोआप येत नाही. मुलाने स्वतः डीएसपीएस या अशा सोयी देणाऱ्या विभागात जाऊन कागद द्यायचे, म्हणजे परीक्षेला जादा वेळ वगैरे सोय होते. आपल्या घरांत हे कागद लपवून ठेवतात, "आता नवी सुरुवात" म्हणून. पहिल्या मिडटर्मला ती नवी सुरुवात मुलाच्या अंगाशी येते. तुम्हाला लागू नसेल तर सोडून द्या, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी लागू असेल. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर ईओपीएस हा मदतीचा कार्यक्रम आहे, १९६९ पासून चालू. तिथे काउन्सेलर कमी मुलांमागे असतो आणि पुस्तकांना मदत मिळते. अन्न, घर यांची अडचण असेल तर २०२२ पासून प्रत्येक कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर असणं बंधनकारक आहे.

पैशाचं एकच सांगते. मुलगा नागरिक असेल किंवा ग्रीन कार्डवर असेल तर तुमचा व्हिसा कोणताही असो, त्याला फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरता येतो. कॅल ग्रँट या राज्याच्या शिष्यवृत्तीची तारीख एरवी २ मार्च, कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरही असते. तुमचं उत्पन्न जास्त आहे म्हणून न भरता सोडू नका, निदान एकदा भरून बघा. मुलगाही एच-४ वर असेल तर केंद्राची मदत मिळत नाही. मात्र राज्यात वर्षभराहून जास्त राहिलेलं आणि वास्तव्याचे कागद असलेलं एच-४ कुटुंब फीसाठी रहिवासी धरलं जाऊ शकतं. तो २१ चा झाल्यावर एच-४ संपतो. त्याआधी किमान वर्षभर इमिग्रेशन वकील आणि कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, दोन्हीकडे जा. हा विषय काउन्सेलरच्या हातातला नाही, आणि जो काउन्सेलर "काही होत नाही हो" म्हणेल त्याच्यावर विसंबू नका.

करिअर सेंटरकडे आपली मुलं वळतच नाहीत, कारण करिअर घरीच ठरलेलं असतं. तुमच्या मुलाने कंप्युटर म्हटलंय ते त्याचंच असेलही. तरी पहिल्या सेमिस्टरमध्ये एक-दोन युनिटांचा करिअरचा वर्ग असेल तर त्याने घ्यावा. आवडी-निवडींच्या चाचण्या असतात, त्यांच्या निकालापेक्षा त्यावर होणारं बोलणं मोलाचं. माझ्याकडे अशा बोलण्यातून काही मुलं कंप्युटरमध्येच अधिक पक्की झाली, काही संख्याशास्त्राकडे गेली, एक मुलगी डेंटल हायजीनकडे. ते हलकं काम मानू नका. फूटहिल कॉलेजात त्याची चार वर्षांची पदवी मिळते, कम्युनिटी कॉलेजात असूनही. इंटर्नशिपसाठी रेझ्युमे तपासून घेणं, मुलाखतीचा सराव, हेही तिथेच, फुकट.

आता तुमची ती शेवटची ओळ. एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, तुम्ही उद्याही वर्ग घेऊ शकता. काम करायला मात्र परवाना लागतो. २०१५ पासून एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर जोडीदाराला ईएडी, म्हणजे हा काम करण्याचा परवाना, मागता येतो. ते आधी बघा, कारण त्यावर कोणता कोर्स उपयोगाचा ते ठरतं. तुमच्या बी.कॉम.च्या गुणपत्रिकांचं अमेरिकन मूल्यांकन करून घ्या. ते आलं की पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. अकाउंटिंगची प्रमाणपत्रं आहेत, तुमच्या पायावर सरळ बसतील. आपल्या बऱ्याच बायका बालशिक्षणाची १२ मुख्य युनिटं करून प्रीस्कूलमध्ये शिक्षिका झाल्या आहेत, पण मुलांसोबत दिवसभर राहण्याची आवड असेल तरच त्या वाटेला जा. दोन संध्याकाळचे वर्ग घेऊन सुरुवात केलीत तरी पुरे.

आणि अपॉइंटमेंट तुमच्या स्वतःच्या नावाने घ्या. मुलाच्या अर्ध्या तासात शेवटची पाच मिनिटं मागू नका, आया नेहमी तेच करतात. बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि ईएडी असेल तर तो, एवढं सोबत आणा. जूनमध्ये आमच्याकडे गर्दी नसते.